एक ते चार

परवा दुपारी लेकीबरोबर ‘कॅप्टन मार्व्हल’ बघत होतो. त्यातली नायिका आभाळातून कोसळते ती छप्पर फोडून थेट एका दुकानात. साल १९९५, दुकान ब्लॉकबस्टरचं, म्हणजे सिनेमाच्या कॅसेटी भाड्याने देणाऱ्या अमेरिकन कंपनीचं. पुठ्ठ्याच्या श्वार्झनेगरला शत्रू समजून ती त्याच्यावर गोळाही डागते. लेकीने विचारलं, “हे कसलं दुकान?” म्हटलं, लायब्ररी.

“मग पुस्तकं कुठायत?”

आमच्या कॅसेटींच्या लायब्ररीत कुणी छपरातून पडलं असतं तर ती चालवणाऱ्या काकांच्या मांडीवरच पडलं असतं. सदाशिव पेठेत एका वाड्याच्या जिन्याखालची जागा ती. दोन गिऱ्हाइकं आत असली की तिसऱ्याने बोळात थांबायचं. सिनेमातल्या दुकानांत लोक कसे कपाटांमधून रेंगाळतात, डबे उचलून मागचं वाचतात, तिथेच प्रेमातबिमातही पडतात. आमच्याकडे हात लावायची सोय नव्हती. कॅसेटी काकांच्या पाठीमागे, वर नुसते नंबर. आपण वही चाळून नंबर सांगायचा आणि काकांनी न बघताच म्हणायचं, “तो बाहेर आहे.” घरी काय न्यायचं ते शेवटी तेच ठरवत. एकदा मी सांगितलेला नंबर ऐकून त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “घरी माहितीये?” आणि हातात संतपट ठेवला. भाडं मात्र पूर्ण घेतलं.

कॅसेट लावायचं मशीन, म्हणजे व्हीसीपी, आत्याच्या यजमानांनी मस्कतहून आणलेला. चित्रात मुंग्या आल्या की बाबा स्पिरिटचा बोळा घेऊन हेड पुसायला बसत, तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही.

कॅसेट शनिवारी संध्याकाळी आणायची आणि रविवारी दुपारी एकच्या आत परत करायची, नाहीतर आणखी एका दिवसाचं भाडं. पण एकला काका कुलूप लावून जेवायला जात ते चारला उगवत. पुण्याच्या एक ते चारवर जगाने विनोद केले, करोत बापडे. आम्ही दोघा भावांनी शोध लावला होता की एकला पाच कमी असताना न जाता एक वाजून पाच मिनिटांनी गेलं, बंद दार बघून परत आलं, आणि चारला काकांच्या आधी दारात उभं राहिलं, तर ते कुरकुरतात पण जादा पैसे लावत नाहीत. दुकान बंद होतं, आम्ही काय करणार? तीन तास फुकट. म्हणजे १८० मिनिटं. आणि व्हीएचएसची नेहमीची कॅसेट कुठली? ई-१८०, म्हणजे १८० मिनिटांचीच. हा योगायोग मला अजूनही दैवी वाटतो.

मोठी माणसं जेवून आडवी झालेली. आवाज इतका बारीक की हीरोचे ठोसे उशीवर पडतायत असं वाटावं. भानगड एकच, रिवाइंड. न गुंडाळता नेली तर दोन रुपये दंड. गुंडाळायला पाचेक मिनिटं, बोळातून पळायला पाच. म्हणजे ऐन क्लायमॅक्सच्या तोंडावर बटण दाबायचं आणि मशीनची घरघर ऐकत बसायचं. त्यामुळे कित्येक सिनेमांच्या सुरुवाती मला तोंडपाठ आहेत. शेवट एकदाच बघितलेले, तेही आदल्या रात्री, पेंगत. व्हिलन मेला की सुधारला, मला विचारू नका.

२००७च्या ‘आय ॲम लेजंड’मध्ये अख्खं न्यूयॉर्क ओस पडलंय आणि विल स्मिथ डीव्हीडीच्या दुकानात जाऊन पुतळ्यांशी गप्पा मारतो. अक्षरांच्या क्रमाने सिनेमे संपवत ‘जी’पर्यंत आलाय. एकटेपणा म्हणून त्या प्रसंगाचं फार कौतुक होतं. मला वाटलं, बिचाऱ्याला “तो बाहेर आहे” म्हणणारं कुणीच नाही.

फुनाई या जपानी कंपनीने २०१६च्या जुलैत व्हीसीआर बनवणं थांबवल्याची बातमी वाचली, तेव्हा कळलं की तोवर कुणीतरी बनवत होतं! ब्लॉकबस्टरचं शेवटचं दुकान अमेरिकेत बेंड नावाच्या गावात आहे, लोक मुद्दाम जाऊन फोटो काढतात. आमच्या जिन्याखाली आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तिथे मात्र हात लावू देतात.

मध्येच पिक्चर थांबवून लेक पाणी प्यायला गेली ती परत आलीच नाही. म्हटलं, आता निदान आपण तरी शेवट बघू. घड्याळात पावणेचार झाले होते. रिमोट छातीवर ठेवून आडवा झालो, आणि डोळा लागला.