अकोल्याची मी, ॲरिझोनाचं ऊन

"ऊन? मला? अहो, मी अकोल्याची आहे." 2023 च्या मार्च-एप्रिलात हे वाक्य मी निदान वीस जणांना ऐकवलं असेल. नवऱ्याला चिप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी मिळाली होती आणि आम्ही कॅलिफोर्नियातलं सनीवेल सोडून शेजारच्या ॲरिझोनात, फीनिक्सला लागून असलेल्या चँडलरला निघालो होतो. सनीवेल ज्या बे एरियात येतं तिथल्या मैत्रिणी तोंडावर हात ठेवायच्या, "अगं, तिथं उन्हाळ्यात पंचेचाळीस जातं!" मी हसायची. पंचेचाळीस म्हणजे आमच्याकडे लग्नसराईचं तापमान. भर मे महिन्यात, दुपारच्या मुहूर्तावर, भरजरी शालू नेसून मी स्वतः बोहल्यावर उभी राहिलेली आहे.

जायचं कारण साधं होतं. सनीवेलात दोन खोल्यांच्या अपार्टमेंटला जे भाडं भरत होतो, त्याहून कमी हप्त्यात इथे अंगणासकट घर येत होतं. शिवाय कॅलिफोर्नियाचा राज्य आयकर चढत चढत वरच्या टप्प्याला 13.3 टक्क्यांपर्यंत जातो, इथे सरसकट 2.5 टक्के. हिशेब नवऱ्याने केला, होकार मी दिला, आणि मे महिन्यात गाडी भरून आम्ही निघालो. अंतर अकराशेहून जास्त किलोमीटर. ब्लाइथ गावापाशी कोलोरॅडो नदी ओलांडली की राज्य बदलतं. नदी बघून माझी निराशाच झाली. जिच्या पाण्यावरून सात राज्यं भांडतात ती एवढीशी! पलीकडे थोडं आत गेल्यावर डोंगरउतारांवर हात वर केलेली माणसं उभी असावीत तसे सवारो निवडुंग दिसायला लागले. या निवडुंगाला पहिला हात फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात, हे नंतर कळलं. त्या दिवशी मला फक्त पंढरीच्या वाटेवर हात उंचावून नाचणारे वारकरी आठवले.

तो उन्हाळा विक्रमी निघाला. 30 जून ते 30 जुलै, सलग 31 दिवस फीनिक्सचा पारा 110 फॅरनहाइटला किंवा त्याच्या वर गेला. म्हणजे आपले 43 अंश, रोज, महिनाभर. मधले काही दिवस तर अठ्ठेचाळीसच्या घरात. आकडे वाचून घाबरणाऱ्यातली मी नव्हे, पण एक गोष्ट माझ्या अकोल्याच्या गणितात बसेना. आपल्याकडे दिवस कितीही तापला तरी रात्री गच्चीवर पाणी शिंपडून गाद्या टाकल्या की पहाटे चादर ओढावीशी वाटते. इथे 19 जुलैला रात्रीचं सगळ्यात कमी तापमान 36 अंश होतं! सगळीकडे काँक्रीट नि डांबर. ते दिवसभर ऊन पितं आणि रात्रभर ओकत बसतं. नळाची गार पाण्याची तोटी सोडली की गरम पाणी यायचं. गीझर आम्ही दोन महिने बंद ठेवला होता. गाडीचं स्टिअरिंग धरायला स्वयंपाकघरातले ओव्हनचे हातमोजे लागायचे. पहिल्याच आठवड्यात पट्ट्याच्या बक्कलचा मांडीला चटका बसला, त्याचा डाग अजून आहे.

आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. खरं सांगायचं तर उन्हापेक्षा हेच मला लागलं. अकोल्याच्या उन्हाळ्यात दुपारी सगळं गाव निजतं हे खरं, पण संध्याकाळी पाच वाजता ते पुन्हा उठतं. रसवंतीची घुंगरं वाजतात, कुणी माठ भरतं, कुणी अंगणात सडा टाकतं, कुणी कूलरच्या टाकीत बादल्या ओततं आणि शेजारचे काका "आज काय तापलं राव!" म्हणत फाटकाशी येतात. ऊन सगळ्यांचं असतं. इथे ते ज्याचं त्याने आपापल्या घरात काच लावून सोसायचं. गॅरेजचं दार वर जातं, गाडी आत शिरते, दार खाली येतं. जुलैभर मला समोर कोण राहतं हेही कळलं नव्हतं. ज्याच्याकडे एसी नाही किंवा बिघडला आहे, त्याच्यासाठी तर हे जिवावरचं प्रकरण आहे. फीनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत येतं तिथे त्या वर्षी उष्णतेने 645 माणसं दगावल्याची अधिकृत नोंद झाली. ते वाचल्यावर मी "मी अकोल्याची" हे वाक्य म्हणणं बंद केलं.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "इतकं उन्हातच राहाचं व्हतं त मंग अकोल्यातच राहाचं व्हतं नं माय!" यावर काय बोलणार?

फोनवरून आठवलं. अमेरिकेत बहुतेक राज्यांत वर्षातून दोनदा घड्याळ तासभर मागेपुढे करतात, ॲरिझोनात करत नाहीत. 1968 पासून हे राज्य त्या भानगडीत पडत नाही. सूर्य तासभर उशिरा मावळावा असं इथे कुणाला वाटणार? त्यामुळे भारताशी फरक बारा महिने साडेबारा तासांचाच राहतो. माझे सकाळचे आठ म्हणजे अकोल्यात रात्रीचे साडेआठ. कॅलिफोर्नियात असताना दर नोव्हेंबरात आईला "आता एक तास उशिरा फोन करत जा" हे समजावताना माझा जीव जायचा. इथे आल्यावर तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकदाच लिहून ठेवलं आणि विषय संपला. गंमत म्हणजे ॲरिझोनाच्या ईशान्येला नवाहो लोकांचा प्रदेश आहे, ते मात्र घड्याळ बदलतात. आणि त्यांच्या मधोमध होपी लोकांचा प्रदेश आहे, ते बदलत नाहीत. आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडे गेलो तेव्हा मोबाइलवरची वेळ इतक्यांदा बदलली की शेवटी भूक लागली की जेवायचं असं ठरवलं.

मान्सून हा शब्द इथे अगदी रोजच्या बोलण्यातला आहे. सनीवेलात मे ते ऑक्टोबर आभाळाने थेंब टाकला नाही तरी कुणाला काही वाटत नाही, पाऊस थंडीत पडतो. इथे 15 जून ते 30 सप्टेंबर हा हवामानखात्याचा ठरलेला मान्सून. मी खुळ्यासारखी सात जूनपासूनच आभाळाकडे बघायला लागले, मृग लागला म्हणून. जूनच्या शेवटी या वाळवंटातले टोहोनो ओओधाम लोक सवारोची लाल फळं लांब काठीने पाडतात, त्यांची दारू करतात आणि ती पिऊन पाऊस मागतात. त्यांचं नवं वर्ष तिथून सुरू होतं. हे कळलं तेव्हा मला फार जवळचं वाटलं. पावसापासून वर्ष मोजणारी माणसं मला लगेच कळतात.

आधी पाऊस येत नाही, धूळ येते. एका संध्याकाळी दक्षिणेकडून एक तपकिरी भिंत चालत आली, इमारतींहून कितीतरी उंच. हबूब म्हणतात त्याला, शब्द अरबी आहे. गाडीत असाल तर रस्ता सोडून कडेला थांबायचं, दिवे बंद करायचे आणि ब्रेकवरचा पाय काढायचा. नाहीतर मागचा माणूस तुमचा लाल दिवा बघून रस्ता समजून येऊन धडकतो. वीस मिनिटं काही म्हणजे काही दिसलं नाही, दाताखाली कचकच. मग चार टपोरे थेंब पडले, चारच, आणि वास आला. मातीचा नव्हे. क्रिओसोट नावाचं एक तेलकट पानांचं झुडूप इथे सगळीकडे आहे, ते ओलं झालं की डांबर, धूप आणि कढीपत्ता यांच्या मधला काहीतरी वास सुटतो. नवरा म्हणाला, औषधाचा वास येतोय. मी दारात उभीच राहिले. त्या अख्ख्या मोसमात फीनिक्सच्या विमानतळावर चार मिलिमीटरही पाऊस नोंदला गेला नाही, इतका कोरडा मान्सून तिथे आधी नोंदलेला नव्हता. म्हणजे माझ्या वाट्याला आले ते चार थेंब फुकट नव्हते.

ऑक्टोबर उलटला आणि गॅरेजांची दारं उघडी राहायला लागली. माणसं बाहेर आली! मिनेसोटा, कॅनडा असल्या गोठलेल्या भागांतून हिवाळ्यापुरती म्हातारी जोडपी इथे येतात, त्यांना स्नोबर्ड म्हणतात. उजवीकडच्या घरात असंच एक जोडपं आलं. समोरच्या घरात मूळची सीमेपलीकडच्या सोनोरातली एक मेक्सिकन बाई, सून आणि नातवंडांसह. सनीवेलात आमच्या मजल्यावर सहापैकी चार घरं भारतीय होती आणि पार्कात "ए पडशील!" असं मराठीत ऐकू यायचं. तिथे शेअर, व्हिसा आणि शाळांची रँकिंग याखेरीज विषय नव्हता. इथे पहिल्याच महिन्यात किराणा दुकानात माझ्यापुढे रांगेत उभ्या असलेल्या आजोबांच्या कमरेला पिस्तूल दिसलं. उघडं, पट्ट्याला. कायद्याने त्याला परवाना लागत नाही. माझे पाय लटपटले. आजोबांनी मात्र माझ्या ट्रॉलीतली मेथीची जुडी बघून ही भाजी कशी करतात ते विचारलं. मी सांगितलं. तेव्हापासून त्या दुकानात गेले की नजर आधी कमरांवर जाते, ती सवय काही सुटलेली नाही.

दुसऱ्या वर्षी एप्रिलात मी जे केलं ते बे एरियात सात वर्षांत जमलं नव्हतं. वाळवण. तिथे सकाळी धुकं, संध्याकाळी गार वारा, कुरडया आठवडाभर दमट राहून शेवटी बुरशी यायची. इथे हवा अशी कोरडी की धुतलेली जीन्स तासाभरात खडखडीत. तीन दिवस गहू भिजवले, चीक काढला, शिजवला आणि सोऱ्या घेऊन भल्या पहाटे बसले. ऊन पुढच्या बाजूला चांगलं येतं म्हणून गाडी हलवून ड्राइव्हवेवर पांढरी चादर अंथरली आणि तिच्यावर साठ कुरडया घातल्या. दुपारी बारापर्यंत वाळल्या! फार पटकन वाळल्या म्हणून थोड्या तुटल्याही. उडदाचे पापड तर द्रोणासारखे वळले, ते सावलीतच घालायला हवे होते. आईने हे आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

दहा दिवसांनी सोसायटीचं पत्र आलं, सोबत माझ्या चादरीचा फोटो: दर्शनी भागात "कपडे" वाळत घालू नयेत. कुरड्यांना कपडे म्हणणाऱ्या माणसाशी काय वाद घालायचा. तेव्हापासून वाळवण मागच्या अंगणात.

पण त्या साठ कुरड्यांनी एक काम केलं. समोरची सोनोरावाली बाई रस्ता ओलांडून आली, वाकून बघितलं आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाली. सुनेने भाषांतर केलं, "हे तळतात ना?" तिने स्वतःहून ओळखलं! मी चार तळून दिल्या. दोन दिवसांनी तिने मला घरात बोलावलं. ओट्यापाशी उभी राहून ती मैद्याचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत होती. या हातावरून त्या हातावर, कोपरापर्यंत, पलीकडचा प्रकाश दिसेल इतका पातळ होईस्तोवर, आणि मग उलट्या घातलेल्या लोखंडी तव्यावर. त्या रोटीला सोबाकेरा म्हणतात. मी तिथेच खुर्चीवर बसले. नागपूरकडच्या लांब रोट्या बघितलेल्या कुणालाही सांगायला नको. मडक्याऐवजी तवा, एवढाच काय तो फरक. मी तिला मोबाइलवर आपल्या बायकांचा व्हिडिओ दाखवला. तिने तो तीनदा बघितला आणि मान हलवली. माझ्या मते, मडक्याबद्दल ती साशंक होती.

आणखी एक अकोला मला मेसा गावातल्या एका मैत्रिणीकडे सापडला. तिचं घर जुनं आहे आणि तिच्या परसात कालव्याचं पाणी येतं. फीनिक्सच्या आसपासचे कालवे हा मोठाच विषय. होहोकाम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन लोकांनी इथे हाताने शेकडो मैल कालवे खोदले होते. ते गेले, कालवे बुजले, आणि एकोणिसाव्या शतकात नव्या वस्तीने तेच उकरून शेती सुरू केली. राखेतून पुन्हा उठणाऱ्या पुराणातल्या पक्ष्यावरून शहराचं नाव फीनिक्स. तर मैत्रिणीची पाण्याची पाळी उन्हाळ्यात दोन आठवड्यांनी येते आणि वेळ येईल ती घ्यायची. एका रात्री दोन वाजता आम्ही दोघी टॉर्च आणि गमबूट घेऊन झडप फिरवायला गेलो. पाणी गवतात पसरत गेलं, घोट्यापर्यंत आलं. ती पुण्याची, कोथरूडची, तिला हे सगळं कौतुकाचं. मला माझे आजोबा दिसत होते, रात्रीच्या लाइटीला मोटर लावायला फावडं घेऊन निघालेले. टॉर्च अतिनील प्रकाशाची होती, विंचवांसाठी. त्या प्रकाशात इथले विंचू हिरवे चमकतात. कुंपणाच्या भिंतीवर तीन निघाले. ती किंचाळली. मी चप्पल काढली.

तुळशीचं मात्र जमलेलं नाही. दर जूनला जळते, दर ऑक्टोबरला नवी लावते. कढीपत्ता हिरव्या जाळीखाली कसाबसा तगतो. शेवगा दांडगा वाढतो. आणि आधीच्या मालकाने लावलेलं लिंबाचं झाड डिसेंबर-जानेवारीत इतकं लगडतं की पिशव्या भरून वाटावी लागतात. गेल्या वर्षी नाताळच्या सुट्टीत सनीवेलच्या मैत्रिणींसाठी दोन मोठ्या पिशव्या घेऊन निघालो. कॅलिफोर्नियात शिरताना ब्लाइथपाशी शेतकी तपासणीचं नाकं लागतं. "फळं आहेत का?" मी अभिमानाने डिकी उघडली. बाहेरची कीड त्यांच्या बागांत जाऊ नये म्हणून घरची लिंबं चालत नाहीत. दोन्ही पिशव्या तिथेच राहिल्या, आणि मी मैत्रिणींकडे रिकाम्या हाताने गेले.

यंदा लिंबं घरीच चिरली. मीठ, तिखट, थोडा गूळ घातला आणि बरणी मागच्या अंगणात भिंतीवर ठेवली. तिथलं लोणचं इतक्या लवकर मुरेल असं मला वाटलं नव्हतं. नाक्यावरच्या माणसाने बरणी हातात घेऊन उन्हाकडे धरली, हलवली, विचारलं, "हे काय?"

"लोणचं."

"घरचं?"

"घरचं."

त्याने बरणी परत दिली आणि जा म्हणून हात केला.