कपाशीवरचे विष आणि झोपेची गोळी

चोपडा तालुक्यातल्या आमच्या शेतात कपाशीवर एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारले जाई, तेव्हाची ही गोष्ट आहे. नाकातोंडाला काहीही न बांधता दिवसभर फवारणी करून परतलेल्या माझ्या काकांना, आप्पांना, संध्याकाळी ओट्यावरच झटके आले, त्यांची दातखीळ बसली, आणि तालुक्याच्या दवाखान्यात शिरेतून डायझेपाम हे झोप आणणारे आणि झटके थांबवणारे औषध दिल्यावरच त्यांचे अंग सैल पडले. पुढे औषधनिर्माणशास्त्र शिकताना मला उमगले की त्या संध्याकाळी विष आणि औषध ही दोन्ही मेंदूतल्या एकाच दारापाशी आपापले काम करत होती.

चेतापेशींनी एकमेकींना चेतवणे मेंदूला जितके आवश्यक असते, तितकेच त्यांना वेळीच आवरणेही आवश्यक असते. मेंदूत हे काम मुख्यतः गॅबा हे रसायन करते. १९५० साली युजीन रॉबर्ट्स यांनी मेंदूतील त्याचे अस्तित्व दाखवून दिले. चेतापेशीवर या रसायनाचा निरोप झेलणारी जी रचना असते, त्या पाच प्रथिनांच्या कड्याने बनलेल्या ग्राहीवर गॅबा बसला की मधली वाट उघडते, ऋणभारित क्लोराइड आत शिरते आणि ती पेशी सहजासहजी उद्दीपित होत नाही. एंडोसल्फान ही वाटच बुजवते. डायझेपाम त्याच ग्राहीवर, पण गॅबापेक्षा निराळ्या जागी बसते आणि गॅबा आलेला असताना वाट अधिक वेळा उघडावी अशी सोय करते. गॅबा नसेल तर ते एकटे वाट उघडू शकत नाही. झोपेची जुनी बार्बिट्युरेट औषधे मोठ्या मात्रेत गॅबावाचूनही ती उघडतात, म्हणून त्यांच्या अतिसेवनाने श्वास थांबून माणसे दगावत. दारूही याच ग्राहीचा परिणाम वाढवते, आणि म्हणून अशा झोपेच्या गोळीवर दारू घेणे जिवावर बेतू शकते.

सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली एंडोसल्फानवर बंदी आणली. आता मला अधिक चिंता वाटते ती डायझेपामच्याच कुळातल्या अल्प्राझोलामची, जिला नशेच्या बाजारात कुत्ता गोळी म्हणतात. ती रोज घेतली की मेंदू तिच्या आधाराला सरावतो, ग्राहींचा प्रतिसाद मंदावतो, आणि गोळी एकाएकी सुटली तर आवरणारी बाजू दुबळी पडून झटकेही येऊ शकतात. आमच्या काकू कित्येक वर्षे ती झोपेसाठी घेत होत्या. गेल्या पोळ्याच्या सुमारास गोळ्या संपल्या म्हणून त्यांनी त्या परस्पर बंद केल्या, आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या हाताला एवढा कंप सुटला की त्यांना पाण्याचा पेला धरवेना. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि काही आठवड्यांच्या अंतराने मात्रा थोडी थोडी उतरवत नेली. काकू आता पाव गोळीवर आल्या आहेत.