इस्फहानातलं छोटं गाढव

इराणमधल्या इस्फहान शहरात आली कापू महालाच्या सहाव्या मजल्यावरची संगीताची खोली पाहून खाली उतरले, तेव्हा पोटऱ्या भरून आल्या होत्या. त्या खोलीच्या भिंतींत सुरया-पेल्यांच्या आकाराची भोकं कोरलीत. आवाज नीट उमटावा म्हणून, असं सांगतात. नक्श-ए-जहान चौकामागच्या गल्लीत एका वाद्यकारागिराच्या दुकानात टेकले.

मला बघायचे होते वाद्यांवरचे प्राणी. एका सेतारच्या, म्हणजे छोट्या इराणी तंतुवाद्याच्या, पाठीवर गुलाबाच्या फांदीवर बसलेला बुलबुल रंगवला होता. या नक्षीला 'गोल-ओ-मोर्ग' म्हणतात, म्हणजे फूल आणि पक्षी. काजार राजवटीत कलमदानांवर, आरशांच्या डब्यांवर हीच जोडी असायची. हा आपला शेंडीवाला बुलबुल नव्हे बरं का. फारसी बुलबुल म्हणजे नाइटिंगेल, रात्री गाणारा आणि दिसायला अगदीच मातकट. चित्रकार मात्र त्याला नटवतात.

म्हाताऱ्या उस्तादांना चित्रात रसच नव्हता. त्यांनी 'तार' हे वाद्य मांडीवर घेतलं. तुतीच्या लाकडातून कोरलेलं, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं. वर ताणलेलं कोकराचं पातळ कातडं. दांड्यावरची पांढरी पट्टी उंटाच्या हाडाची, पडदे आतड्याच्या तातीचे. अख्खा गोठाच की!

मग तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर बोट ठेवून म्हणाले, "खरक." मला कळेना. त्यांनी दोन्ही हात कानांपाशी उभे धरले आणि चक्क रेकून दाखवलं. खर म्हणजे गाढव, संस्कृतात आहे तेच. खरक म्हणजे छोटं गाढव. आपण तंबोऱ्याच्या तारा घोडीवर लादल्या, इराण्यांनी गाढवावर. ओझं वाहायला कोण लागतं, हे त्यांना जास्त नीट कळलं असावं. तारच्या या गाढवाला रानबोकडाचं शिंग कोरून घडवतात, म्हणजे प्राण्यातून प्राणी! खुंट्या म्हणजे 'गूशी', गूश म्हणजे कान. ते आपणही पिळतोच. वरच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात, ती पट्टी 'शैतानक', छोटा सैतान. तो का, ते विचारण्याइतकी फारसी माझ्याकडे नव्हती.

बुलबुलवाली सेतार परवडणारी नव्हतीच. उस्तादांनी डब्यातून सेतारचा एक झिजलेला लाकडी खरक काढून वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून दिला. पैसे घेतले नाहीत.

पुण्यात आल्यावर सतार वाजवणाऱ्या आत्याला तो दाखवला. तिने चष्मा वर सरकवला, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, ही तर घोडी. केवढीशी आहे!"