वॉर्डातून सुट्टी मिळाली त्या संध्याकाळी

खानदेशातील एका शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात मी समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करते. येथे ज्या रुग्णाविषयी लिहिते आहे, तो चोपडा तालुक्यातील, केळीचे घड कापून ट्रक भरणाऱ्या टोळीतला, चाळिशीच्या आतला माणूस. केळीच्या चिकाने काळे पडलेले त्याचे सदरे कितीही धुतले तरी स्वच्छ निघत नाहीत, असे त्याची पत्नी सांगत असे. घरच्यांनी त्याला मनुदेवीला नेऊन दारू सोडण्याची शपथ घ्यायला लावली होती आणि त्याने ती मनापासून पाळली. तिसऱ्या दिवशी मात्र तो घामाने निथळू लागला, अंथरुणावर नसलेल्या मुंग्या वेचू लागला आणि समोर कोणी नसताना बोलू लागला. बाहेरची बाधा झाली असे समजून गावात आधी दुसरेच उपाय झाले आणि मग त्याला आमच्याकडे आणले.

वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाने दारू एकाएकी बंद केली, तर पहिल्या दिवसातच हात थरथरू लागतात, पुढच्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण ४८ ते ७२ तासांनंतर काहींना भ्रम होतो, जो जिवावर बेतू शकतो. डॉक्टरांनी त्याला आधी बी-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन आणि मगच ग्लुकोज दिले, तसेच मेंदू शांत करणारी औषधे सुरू करून ती टप्प्याटप्प्याने कमी केली. शपथेला माझा विरोध नाही. परंतु शपथ घेण्याआधी डॉक्टरांना दाखवावे, हे मी प्रत्येक कुटुंबाला हात जोडून सांगते.

माझ्या दृष्टीने खरी कसोटी सुट्टीच्या दिवशी असते. औषधांनी शरीर सावरते. पण दिवस मावळताना मुकादम मजुरी वाटतो, टोळी नेहमीच्या ठिकाणाकडे वळते आणि घराची वाटही तिथूनच जाते, तेव्हा त्या माणसाच्या बाजूने उभे राहणारे कोणी लागते. केस पेपरवर दारू सोडणाऱ्यांच्या सभेचा पत्ता लिहून देणे मला कधीच पुरेसे वाटलेले नाही. नव्या माणसाला त्या दारापर्यंत कोणीतरी सोबत न्यावे लागते. म्हणून मी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडण्यासाठी एकमेकांना आधार देणाऱ्या मद्यपींच्या संघटनेच्या, एका जुन्या सदस्यांना फोन केला. ते रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ स्वतः वॉर्डात आले, खाटेजवळ स्टूल ओढून बसले आणि उपदेशाचा एक शब्दही न काढता त्यांनी आपल्याच दारूच्या दिवसांची हकीकत सांगितली. शेवटी म्हणाले, ‘‘चाल भाऊ, आठे जवळच सभा शे. तठे कोणी कोणले हासत नही.’’

त्या संध्याकाळची सभा खुली होती, म्हणून त्याच्या पत्नीला आणि मलाही आत बसता आले. बंद सभेत दारू सोडू इच्छिणाऱ्यांनाच प्रवेश असतो. समूहाचे नाव आणि जागा येथे सांगत नाही, कारण सदस्यांची ओळख गुप्त राखणे हा या बंधुत्वाचा पाया आहे. शाळेच्या वर्गात मुलांच्या बाकांवर शेतकरी, शिक्षक, हमाल, दुकानदार असे सगळे शेजारी शेजारी बसले होते. भिंतीला दोन तसबिरी टेकवून ठेवल्या होत्या. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी ज्यांच्या भेटीतून ही चळवळ सुरू झाली, ते शेअर दलाल बिल आणि शस्त्रवैद्य डॉ. बॉब. दोघेही मद्यपाशात पुरते अडकलेले होते आणि एकमेकांशी बोलल्याने आपण पिण्यावाचून राहू शकतो, हे त्यांना उमगले होते. वर्गात जे चालले होते, ते नेमके तेच होते.

पत्नीने माझ्या कानाशी विचारले, ‘‘ताई, हा कुठला पंथ आहे का? पैसे किती लागतील?’’ मी तिला सांगितले की देव ज्याने त्याने आपापल्या समजुतीप्रमाणे मानायचा असतो, फी नसते, आणि खर्चासाठी झोळी फिरते तीत सदस्य स्वेच्छेने टाकतात. बाहेरची देणगी ते घेत नाहीत. सदस्य होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट असते.

चहा आला तेव्हा वाटणाऱ्या सदस्याने सर्वांचे कप काठोकाठ भरले, आमच्या रुग्णाचा मात्र अर्धाच भरला. त्याचे हात अजून किंचित थरथरत होते. चहा सांडून चारचौघांत ओशाळे होणे काय असते, हे त्या वाटणाऱ्याला ठाऊक असणार. आमच्या विभागात इतकी वर्षे काम करूनही इतकी नेमकी काळजी मी क्वचितच पाहिली आहे.

एका सदस्याने सांगितले की भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळी सावध राहायचे, आणि फोन प्यायल्यावर नव्हे, प्यावेसे वाटताच करायचा. आमच्या रुग्णाची पाळी आली तेव्हा बोलायची सक्ती नाही, असे त्याला सांगण्यात आले. तरीही तो उठला, नाव सांगितले आणि म्हणाला, ‘‘आज पेयेल नही. इतलंच सांगनं शे.’’ त्यावर कोणी टाळ्या वाजवून गाजावाजा केला नाही. सर्वांनी त्याच्या नावाने नमस्कार केला आणि पुढचा माणूस बोलू लागला.

सभेनंतर त्या निवृत्त गृहस्थांनी व्यवहाराची बोलणी केली. मजुरी काही दिवस पत्नीच्या हाती द्यावी, असे मुकादमाला सांगायचे ठरले. त्याला स्वतः रुग्णानेच होकार दिला. पत्नीला अल्-अ‍ॅनॉन या कुटुंबीयांच्या समूहातील एका बाईंचा फोन नंबर मिळाला. पुढची सभा बंद असल्याने मला जाता येणार नव्हते. म्हणून चोपड्याहून सुटणाऱ्या एसटीच्या वेळा त्या गृहस्थांनीच कागदावर लिहून दिल्या आणि स्थानकावर घ्यायला येण्याचे कबूल केले.