उकललेली सहा बोटे

सान आंतोनियो आग्वास कालियेंतेस या गावातील एका अंगणात मी सलग पाच दिवस कमरेच्या मागावर विणायला शिकले. त्यातील चौथ्या दिवसाची दुपार अजून मला स्वस्थ बसू देत नाही, म्हणून हे लिहायला घेतले आहे. ग्वाटेमालातील बाकीचे दिवसही सुंदर होते, पण तिथले ज्वालामुखी, तळी आणि जुनी चर्चे यांच्याविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे.

माझे आजोळ येवल्याचे. मामाच्या घराला लागून विणकरांचे घर होते आणि सुट्टीतल्या दुपारी त्यांच्या मागाचा आवाज भिंतीतून ऐकू येत असे. तासन्‌तास त्या उंबऱ्यावर बसून मी पैठणीचा पदर वाढताना पाहिला आहे, पण मागावर मात्र कधीच बसले नाही. विणणे हे त्यांचे काम आणि पाहणे हे आपले, असे कोणी न सांगताच आम्हा मुलांना ठाऊक होते. पुढे नोकरीनिमित्त ह्यूस्टनला राहायला आल्यावर ही हळहळ वाढत गेली. ग्वाटेमालात स्त्रिया परक्यांनाही घरी बसवून विणकाम शिकवतात असे समजले, तेव्हा मी रजा टाकली.

सुरुवात मात्र फार वाईट झाली. आंतिग्वा शहरातील एका प्रवासी कंपनीमार्फत मी ‘विणकाम कार्यशाळा’ आधीच ठरवली होती. तिथे आम्हा बारा जणांना ओळीने मागाला बांधले, प्रत्येकाला चार-चार वेळा धागा ओढू दिला, अंगावर पारंपरिक पोशाख चढवून छायाचित्रे काढली आणि दीड तासात सगळ्यांना दुकानात नेऊन सोडले. त्या दुकानात जुने विपील, म्हणजे माया या तिथल्या मूळ रहिवासी समाजातील स्त्रियांचे हाताने विणलेले पोलके, कापून शिवलेल्या पिशव्या टांगल्या होत्या. एका पिशवीच्या मधोमध विपीलचा गळा आला होता आणि गळ्याभोवतीची झीज स्पष्ट दिसत होती. कोणीतरी वर्षानुवर्षे अंगावर वागवलेले ते कापड होते. मला तिथे थांबवेना.

संध्याकाळी माझ्या स्पॅनिशच्या शिक्षिकेपाशी मी मन मोकळे केले, तेव्हा तिने सान आंतोनियोच्या या घराचा पत्ता दिला. आंतिग्वाहून रंगवलेल्या जुन्या अमेरिकन शालेय बसने गाव अगदी जवळ आहे. दोन जणांच्या बाकावर तीन जण बसतात आणि उभ्यांना मोजदाद नसते. माझ्या मांडीवर एका आजींनी न विचारता आपली टोपली ठेवली, आणि मला ते फार आपलेपणाचे वाटले.

आमच्या विणकामाच्या शिक्षिकेला सगळे ‘दोन्या’ म्हणत, म्हणजे आपल्याकडच्या ‘बाई’सारखेच. वय साठीच्या पुढचे, मातृभाषा काक्चिकेल. ग्वाटेमालात बावीस माया भाषा आहेत आणि काक्चिकेल ही त्यांतली एक मोठी भाषा. दोन्यांचे स्पॅनिश माझ्यापेक्षा कितीतरी चांगले असले, तरी शिकवताना त्या क्वचितच बोलत. माझ्या हातावर आपला हात ठेवून तो हवा तिकडे वळवत.

कमरेचा माग म्हणजे खरे तर काही काठ्या आणि दोऱ्या. एक टोक खांबाला बांधायचे, दुसऱ्या टोकाची काठी मेकापाल नावाच्या पट्ट्याने स्वतःच्या कमरेला अडकवायची आणि चटईवर गुडघे टेकून बसायचे. या मागाला चौकट नाही, चौकटीचे काम विणणारीचे अंग करते. मागे रेलले की ताणा, म्हणजे उभे धागे, घट्ट होतो, किंचित पुढे झुकले की तो सैलावतो आणि फाशांची काठी उचलून धाग्यांत फट पाडता येते. त्या फटीत तलवारीसारखी लाकडी पट्टी घालून ती उभी करायची, बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची काडी पलीकडे सरकवायची आणि त्याच पट्टीने बाणा ठोकून बसवायचा. विणणारी उठली की माग गुंडाळून कोपऱ्यात उभा राहतो. कापडाची रुंदी दोन हातांच्या पोहोचीत मावेल एवढीच, म्हणूनच विपील दोन किंवा तीन पट्टे शेजारी शेजारी जोडून शिवलेला असतो. पायाने चालवायचा मोठा माग स्पॅनिश लोकांनी आणला आणि तो बहुतकरून पुरुषांकडे गेला. त्याच्या कितीतरी आधीपासूनचा हा माग मात्र स्त्रियांच्या हाती राहिला.

पहिला संपूर्ण दिवस ताणा लावण्यात गेला. खुंट्यांच्या फळीवर धागा आठाच्या आकारात फिरवत न्यायचा, म्हणजे धाग्यांचा क्रम मोडत नाही. धाग्याला मक्याच्या पेजेची खळ देण्याची इथे जुनी रीत आहे असे दोन्यांनी सांगितले, तेव्हा येवल्याच्या शेजारघरातला तो ओलसर, आंबूस वास मला एकदम आठवला आणि माझे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी माझी कंबर इतकी धरली की रात्री कूस बदलता येईना. ज्यांची पाठ किंवा गुडघे दुखरे आहेत त्यांनी दोन्यांकडून ठेंगणे स्टूल मागून घ्यावे. मी हट्टाने घेतले नाही, आणि ती चूक होती.

या गावची खासियत म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी नक्षी. ताण्याचे धागे बोटांनी मोजून उचलायचे आणि रंगीत जादा बाणा असा फिरवायचा की पाठीमागे एकही सुटा धागा लोंबू नये. पैठणीतही पदराची उलटी बाजू सुलटीइतकीच नेटकी असते, पण तिथे वेगवेगळ्या कांड्यांचे बाणे एकमेकांत अडकवून नक्षी उभी राहते; इथे मूळ कापड चालूच असते आणि नक्षी त्याच्या सोबतीने चालते. रीत वेगळी असली तरी पारख एकच. दोन्या कोणाचेही काम पाहताना आधी कापड उलटे करत. मामाच्या शेजारचे काका अगदी तेच करायचे.

आम्ही चौघी विद्यार्थिनी होतो. त्यांत एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी राजधानीतून आली होती, ती स्वतः काक्चिकेल समाजाची होती. हिशेबशास्त्र शिकत होती, जीन्स घालत होती आणि आपल्या आजीची भाषा तिला समजत असली तरी बोलताना अडखळत होती. तिची आजी चिमाल्तेनांगो भागातल्या एका गावची. 1960 पासून 1996 पर्यंत चाललेल्या यादवी युद्धात, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, हे कुटुंब गाव सोडून राजधानीत आले. तेव्हापासून आजीने विपील घालणे सोडले. विपीलवरून बाईचे गाव ओळखू येते, आणि त्या काळात गाव ओळखले जाणे जिवावर बेतू शकत होते. विपील गेला, मग माग गेला, आणि नातीला आता तो परक्या गावात येऊन शिकावा लागत होता. पहिल्याच दिवशी दोन्या तिला म्हणाल्या होत्या, की हात इथे बसव, नक्षी मात्र तुझ्या आजीच्या गावची शोध.

आता ती चौथ्या दिवसाची दुपार. फुएगो ज्वालामुखी थोड्या-थोड्या वेळाने गुरगुरत होता आणि त्याकडे कोणी मान वर करून पाहत नव्हते. माझ्या पट्ट्यावर पक्ष्यांची ओळ आली होती. दोन्यांनी ती पाहिली, “मुय बोनितो”, म्हणजे फार छान, असे म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या राजधानीतल्या मुलीकडे वळल्या. तिचे कापड त्यांनी उलटे केले, एका जागी नख टेकवले आणि काक्चिकेलमध्ये दोनच शब्द उच्चारले. मुलीने मान खाली घातली आणि उकलायला सुरुवात केली. चूक दोन धाग्यांची होती, पण ती खाली, सुरुवातीच्या ओळींत होती. सहा बोटे कापड, म्हणजे जवळजवळ दोन दिवसांचे काम, ती एकेक बाणा सोडवत मागे नेत राहिली. दोन्या तिच्याजवळ बसून होत्या, पण त्यांनी हात लावला नाही.

मी माझे कापड उलटे केले. तिसऱ्या पक्ष्याची चोच एका धाग्याने सरकली होती आणि तिथून पुढची सगळी ओळ तिरकी चालली होती. माझी चूक तिच्या चुकीपेक्षा मोठी होती, आणि मला मात्र “फार छान” मिळाले होते.

मी फार दुखावले. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारले, की माझी चूक आपल्याला दिसली नाही का. दोन्या शांतपणे म्हणाल्या, “दिसली. तुम्ही शनिवारी जाणार. तिला हे पुढे कोणाला तरी शिकवायचे आहे.”

त्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. कित्येक वर्षे त्यांच्या अंगणात माणसे येत होती, आठवण म्हणून वीतभर पट्टा घेऊन जात होती, आणि त्यांना त्यांची सुट्टी आनंदाने घालवू देणे हाही पाहुणचारच होता. पण इथल्या नक्ष्या या स्त्रियांच्या लेखी शोभेची गोष्ट नाही. याच साकातेपेकेस प्रांतातल्या एका स्त्री-संघटनेच्या पुढाकाराने माया विणकर स्त्रिया 2016 मध्ये देशाच्या संविधान न्यायालयात गेल्या. आमच्या नक्ष्यांवर आमच्या समाजांचा सामूहिक हक्क कायद्याने मान्य करा, अशी त्यांची मागणी होती. दुकानातली ती कापलेल्या गळ्याची पिशवी मला पुन्हा डोळ्यांसमोर दिसली. येवल्याच्या उंबऱ्यावर बसून नुसते पाहणारी मुलगी मी इथेही तशीच राहणार होते, फरक इतकाच, की या वेळी माझ्या कमरेला पट्टा होता.

मी म्हटले, “माझेही उकलायचे आहे. कसे ते दाखवा.”

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिले, आणि मग चटई सरकवून माझ्या शेजारी येऊन बसल्या. उकलणे हे विणण्याइतकेच नाजूक काम आहे. घाई केली तर ताण्याचा धागा तुटतो आणि मग गाठ मारावी लागते. अंधार पडेपर्यंत माझीही सहा बोटे उकलून झाली होती. ती मुलगी माझ्याकडे पाहून प्रथमच हसली, आणि आम्ही दोघींनी उकललेल्या, सुरकुतलेल्या धाग्यांच्या दोन लहान गुंडाळ्या करून ठेवल्या.

शुक्रवारी मी दिवसभर विणले आणि चार बोटे कापड झाले. त्यात दोनच पक्षी मावले. शनिवारी सकाळी निरोप घ्यायला गेले तेव्हा दोन्यांनी माझा पट्टा आधी उलटा करून पाहिला, दोन्ही पक्ष्यांवरून अंगठा फिरवला, मग सुलटा केला, आणि काही न बोलता काठ्यांसकट गुंडाळून माझ्या हातात दिला. मी काक्चिकेलमध्ये शिकलेला आभाराचा एकुलता एक शब्द म्हटला, “मात्योश.” त्यांनी मान हलवली, माझा उच्चार दुरुस्त केला, आणि तो बरोबर येईपर्यंत मला तीन वेळा म्हणायला लावला.