चोपन्न रात्री की बहात्तर खेळ?

लंडनमधील एका संग्रहालयात जुन्या नाटकांच्या हँडबिलांची सूची करण्याचे काम मी करते. गेल्या डिसेंबरात माझ्याकडे उत्तर इंग्लंडमधील एकाच शहरातल्या दोन थिएटरांच्या पँटोमाइमची हँडबिले आली. पँटोमाइम म्हणजे येथे मूकनाट्य नव्हे. नाताळच्या दिवसांत होणारे, परीकथेवर बेतलेले, गाण्यांनी आणि विनोदाने भरलेले ते नाटक असते, आणि कित्येक थिएटरांचे वर्षाचे गणित त्याच्या गल्ल्यावर जमते. निर्मात्यांमधली चुरसही त्यामुळेच जुनी आहे. १७२३ च्या नोव्हेंबरात लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरने हार्लेक्विन हा विदूषक आणि सैतानाशी करार करणारा डॉक्टर फॉस्टस यांचा खेळ लावला, तेव्हा लिंकन्स इन फील्ड्स या प्रतिस्पर्धी थिएटरच्या जॉन रिचने महिन्याभरातच त्याच कथेवर आपला खेळ उभा केला.

माझ्यापुढच्या दोन्ही हँडबिलांवर वर्ष नव्हते, 'सोमवार, २६ डिसेंबर' एवढेच होते. हा योग १८७०, १८८१, १८८७ आणि १८९२ या वर्षांत येतो. सोबतच्या हिशेबवहीमुळे वर्ष १८८१ ठरले. शनिवार, २५ फेब्रुवारीच्या अखेरच्या खेळाच्या हँडबिलांवर एका थिएटरने 'चोपन्न रात्री' असे छापले होते आणि दुसऱ्याने 'बहात्तर खेळ'. जुन्या सूचीत यावरून दुसऱ्याचे नाटक अधिक चालले अशी नोंद होती. मला ती पटेना. रविवारी खेळ होत नसत, म्हणजे नऊ आठवड्यांत चोपन्नच रात्री भरतात. बुधवार-शनिवारचे दुपारचे अठरा खेळ मिळवले की बहात्तर होतात. दोघेही एकाच दिवशी सुरू झाले, एकाच दिवशी थांबले. फरक केवळ मोजण्यात होता. मराठीत दुपारचा काय किंवा रात्रीचा काय, प्रत्येक 'प्रयोग' एकच धरला जातो, म्हणून कदाचित हा फरक माझ्या लगेच ध्यानात आला असावा.

मग दुसऱ्या थिएटरची वही उघडली. पिट, बॉक्स आणि गॅलरी या प्रेक्षकांच्या वेगवेगळ्या जागांच्या जमेचे रकाने रोज भरलेले होते, मात्र जानेवारीतील दोन बुधवारी दुपारचे रकाने कोरे होते आणि कडेला पेन्सिलीने 'धुके' असे लिहिले होते. बहात्तरचे सत्तर झाले. पहिल्या थिएटरच्या हँडबिलांवरही दुपारच्या खेळांची जाहिरात होती, पण त्यांची वही उरलेली नाही, त्यामुळे त्यांचे नेमके खेळ किती हे सांगण्याचा अधिकार मला नव्हता.

छापील आकडा तसाच ठेवावा, असे माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे मत होते. जाहिरातीसाठी छापलेला दावा आणि दर रात्री गल्ला मोजून लिहिलेली ओळ यांना एकाच तोलाचे मानणे मला मान्य नव्हते. बरीच चर्चा झाल्यावर आम्ही सूचीत दोन रकाने केले, 'जाहीर केलेले' आणि 'वहीतून मोजलेले'. पहिल्या थिएटरच्या दुसऱ्या रकान्यात मी आडवी रेघ मारली.