रेंटन नावाचं जगज्जेतं गाव

आज सुट्टी. ग्लासगोहून बॅलोखला निघालो होतो, मधेच रेंटनला उतरलो. स्टेशन म्हणजे आपल्याकडचं हॉल्टच.

या एवढ्याशा गावाच्या फुटबॉल क्लबने 1885 आणि 1888 मध्ये स्कॉटिश कप जिंकला. दुसऱ्या वेळी फायनलमध्ये केंबसलँगला 6-1! मग इंग्लंडचा कपविजेता वेस्ट ब्रॉमविच अल्बियन ग्लासगोच्या हॅम्पडन मैदानावर आला, त्यालाही 4-1. गावकऱ्यांनी सरळ पॅव्हेलियनवर पाटी ठोकली : 'जगज्जेते'. मला हा आगाऊपणा फार आवडला.

खेळाडू कागदोपत्री हौशी. स्कॉटलंडमध्ये पैसे घेऊन खेळायला 1893 पर्यंत बंदीच होती. इंग्लंडमध्ये मात्र 1885 पासून परवानगी, त्यामुळे चांगले गडी तिकडे पळाले. रेंटन 1890 च्या पहिल्या स्कॉटिश लीगमध्ये होतं, पण चोरून पैसे देणाऱ्या क्लबशी सामना खेळल्याच्या आरोपावरून पहिल्याच हंगामात बाहेर. कोर्टात जाऊन परत आले, पण तो दरारा परत आला नाही. 1922 मध्ये क्लब बंद. टोंटाइन पार्क मैदानावर आता घरं आहेत.

आणि गाव जगायचं कशावर? लेव्हन नदीकाठच्या रंगाईच्या कारखान्यांवर. तिथलं लालभडक 'टर्की रेड' कापड, मोर छापलेलं, बोटीने थेट मुंबईला यायचं. गठ्ठ्यांवर देवादिकांची रंगीत लेबलं. म्हणजे त्या 6-1 च्या वर्षी आपल्याकडे कुणीतरी बाई रेंटनचं कापड अंगावर घेऊन हिंडत असणार, आणि फुटबॉल कशाशी खातात हे तिला ठाऊकही नसेल!

परतीची गाडी अर्ध्या तासाने. पाऊस अर्थातच लगेच.